तिकीट पाऊण माफ, पण गाडी कुठली हे कोण सांगणार?

एसटीत अंध प्रवाशाला ७५ टक्के सवलत आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असला की शंभराच्या तिकिटाला पंचवीस रुपये पडतात. अपंगत्व ६५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर सोबतच्या मदतनीसालाही अर्धं तिकीट. एवढं सांगून झालं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "मग अजून काय पाहिजे तुम्हाला?" मित्रांनो, हा प्रश्न ओळखीचा वाटतो ना? शिष्यवृत्ती दिली, आरक्षण दिलं, घरकुल दिलं, अजून काय पाहिजे? आपल्या तीन पिढ्यांनी हाच प्रश्न ऐकला आहे. आणि तो विचारणाऱ्याच्या आवाजात देणगीदाराचा जो तोरा असतो, तोही आपल्याला पाठ आहे.

आम्ही सातारा-सांगली पट्ट्यात काम करणारे काही कार्यकर्ते. आमच्यातले काही साथी अंध आहेत. कोणी कराडहून साताऱ्याला कॉलेजला येतं, कोणी मिरजेहून विट्याला कामाला जातं, कोणी रविवारच्या धम्मवर्गासाठी दोन गाड्या बदलून पोहोचतं. त्यांच्याबरोबर प्रवास करून आणि त्यांच्याशी तासन् तास बोलून आमचं एक मत पक्कं झालं आहे, ते इथे मांडतो. सवलतीने तिकीट स्वस्त झालं, प्रवास खुला झाला नाही. आणि हा प्रश्न 'अपंगांच्या संघटना बघून घेतील' म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तो आंबेडकरी चळवळीचा आहे, अगदी जन्मापासूनचा आहे.

स्थानकावर अंध माणसाची पहिली अडचण पायऱ्यांची नसते, गर्दीचीही नसते. पहिली अडचण पाटीची. गाडीचं नावगाव सगळं त्या पाटीवर. रंगाने लिहिलेलं असो की लाल दिव्यांच्या अक्षरांत पळणारं असो, ते फक्त डोळ्यांसाठी. फलाटाला गाडी लागली की डोळस माणूस क्षणात ठरवतो, धावायचं की थांबायचं. अंध माणसाला तेवढ्यासाठी कुणाला तरी विचारावं लागतं. कुणाला? जो जवळ असेल त्याला. त्याच्या कानात इयरफोन असतो. किंवा तो म्हणतो, "समोर लिहिलंय की!" किंवा न बघताच "हो हो, हीच" म्हणतो आणि पाच किलोमीटर गेल्यावर कळतं की ही नव्हे. आमचा एक साथी एका स्थानकावर तासगावच्या गाडीसाठी पाऊण तास उभा होता. त्या वेळात दोन गाड्या त्याच्या समोरून निघून गेल्या. तिसरी मिळाली, कारण एका म्हातारीने दारात उभं राहून "तासगावला जातीया न्हवं?" असं मोठ्याने विचारलं आणि ते याच्या कानावर पडलं. त्या म्हातारीला वाचता येत नव्हतं. वाचता न येणाऱ्या माणसाची आणि अंध माणसाची गरज इथे एकच आहे, हे लक्षात ठेवा. गाडीने बोलावं, एवढीच ती गरज. आपल्या किती आया-आज्ज्या आयुष्यभर अशा पाट्यांपुढे उभ्या राहिल्या असतील!

आता याच स्थानकाच्या बाहेर या. तिथे वडाप उभं असतं. जीपला टेकून पोरगा ओरडत असतो, "कराड कराड कराड, चला उंब्रज, चला कराड!" जीप कोंबलेली, परवान्याचा पत्ता नाही, विमा असेल-नसेल, सवलत तर शून्य. तरी आमचे अंध साथी सांगतात की कित्येकदा वडाप बरं वाटतं. का? कारण ते बोलतं. गाडी कुठली, कधी सुटणार, जागा आहे का, सगळं आवाजातून कळतं. तुमचा थांबा आला की पोरगा हाक मारतो. ज्या सार्वजनिक सेवेने सवलत दिली ती मुकी, आणि ज्याला कायद्याची फिकीर नाही ते धंद्यासाठी का होईना पण बोलकं. वडापची बाजू आम्ही घेत नाही. त्यात माणसं मेलेली आम्ही पाहिली आहेत. पण जे काम एका पोराच्या घशाने होतं, ते न होण्यामागे पैशाचं कारण सांगू नये, एवढंच.

गाडीत बसल्यावर अंध प्रवासी काय करतो, हे डोळस माणसाला सहसा ठाऊक नसतं. तो झोपत नाही. त्याच्या डोक्यात पूर्ण रस्ता चालू असतो. पुण्याहून येताना खंबाटकीची वळणं अंगाला कळतात, परत जाताना बोगद्यात आवाज घुमतो. नदीवरचा पूल आला की चाकांचा सूर बदलतो. ऊसाचा हंगाम असला की मळीच्या वासावरून कारखाना कळतो. शाळेपुढचे गतिरोधक मोजून घरचा फाटा ओळखणारे लोक आम्ही पाहिले आहेत. आणेवाडीचा आणि तासवड्याचा टोलनाका ही तर हक्काची खूण होती, गाडी थांबायची, खिडकीशी पोरं शेंगदाणे-काकडी विकायची. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि गाडी नाक्यावरून सरकत निघून जायला लागली. महामार्गाच्या सहापदरीकरणात तर जुने अंदाजच मोडले. आज डावीकडून वळसा, उद्या उजवीकडून. प्रत्येक वळशाला अंध प्रवाशाच्या डोक्यातला नकाशा फाटतो आणि त्याने तो पुन्हा शिवायचा.

स्मार्टफोन आल्याने फरक पडला, हे मान्य. बोलणारा फोन कानाशी धरून कुठवर आलो हे तपासता येतं. पण पाटण-हेळवाकच्या बाजूला रेंज जाते, चार्जिंग संपतं, आणि मुळात चांगला फोन घ्यायला पैसे लागतात. शिवाय अनोळखी गर्दीत हातात फोन धरून उभं राहणं म्हणजे चोराला आमंत्रण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रवाशाने स्वतःच्या खर्चाने स्वतःची घोषणा-यंत्रणा खिशात बाळगावी, ही अपेक्षा आपण डोळस प्रवाशाकडून करतो का? त्याच्यासाठी पाटी फुकट असते.

लांब पल्ल्याच्या गाड्यांचं दुखणं आणखी वेगळं. रात्री गाडी शहरात न शिरता हायवेवरच उतरवते. डोळस माणूसही तिथे बावरतो. अंध माणसाला तर आपण रस्त्याच्या कुठल्या अंगाला उभे आहोत, तेच कळत नाही. एका बाजूला सेवारस्ता, दुसऱ्या बाजूला शंभराच्या वेगाने जाणारे ट्रक. "उतरा, आलं सातारा" एवढं बोलून दार बंद. आणि विजेवरच्या बसगाड्याही आल्या आहेत. १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर पहिली 'शिवाई' धावली. धूर नाही, आवाज नाही, छान आहे. पण जिचा आवाजच येत नाही ती गाडी फलाटाला लागली हे अंध माणसाने ओळखायचं कशावरून? नवी वस्तू घेतानाच हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण खरेदीच्या टेबलावर अंध माणूस नसतो.

आता मुद्द्याच्या मुळाशी जाऊ. ते मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे.

१९०१ साल. साताऱ्याहून लहानगे भीमराव आणि घरची मुलं उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे निघाली. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला होते. पोरं आगगाडीने मसूर स्टेशनला उतरली. अंगावर चांगले कपडे, खिशात भाड्याचे पैसे. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि उत्तर ऐकून मागे सरकला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी पोरांनीच हाकायची, या अटीवर एक गाडी मिळाली. मालक बाजूने चालत राहिला. रात्र टोलनाक्यावर काढली, पाण्याचा थेंब मिळाला नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि चाळीसगावचा १९२९ चा टांग्याचा प्रसंगही. तिथे टांगेवाले त्यांना बसवायला तयार नव्हते, म्हणून ज्याला टांगा हाकता येत नव्हता अशा माणसाच्या हाती लगाम गेला आणि बाबासाहेब दगडावर आपटून जखमी झाले.

या दोन्ही प्रसंगांत कमतरता कुणात होती? मसूरच्या पोरांचे पाय धड होते, पैसे पुरे होते. अडथळा त्यांच्या अंगात नव्हता, गाडीत होता. गाडी कुणी वापरायची हे ठरवणाऱ्या समाजात होता. अपंगत्वाच्या चळवळीने जगभर हेच सांगितलं आहे की व्यंग शरीरात असेल, पण अपंग करते ती व्यवस्था. पाटी बोलली तर तोच अंध माणूस त्याच गाडीत कुणालाही न विचारता बसतो. म्हणजे दोष डोळ्यांचा की पाटीचा? आम्ही जात आणि अंधत्व एकच आहे असं म्हणत नाही. अंध सवर्णाला मंदिरात हात धरून नेतात, अंध बौद्धाच्या वाट्याला काय येतं ते पुढे येईलच. पण प्रवास 'चालवणाऱ्याच्या मर्जीवर' असणं, ही मसूरची गोष्ट आजही तशीच आहे.

आणि आता तो स्पर्शाचा मुद्दा. अंध माणसाचा प्रवास स्पर्शाशिवाय होत नाही. अनोळखी माणसाचा हात, दाराची दांडी, सीटची कड, शेजाऱ्याचा खांदा. आणि आपला समाज स्पर्शावरच बांधलेला आहे. आमचा एक साथी सांगतो, लोक हात धरून आपुलकीने चालवतात, चार पावलांनंतर प्रश्न येतो, "कुठलं गाव? आडनाव काय?" तो आडनाव सांगतो. काही हात तसेच राहतात. काही हात सैल होतात, आणि बोलणं थांबतं. एकदा एकाने त्याला अर्ध्या वाटेत सोडून "आता सरळ जा" म्हटलं. समोर काय होतं, देव जाणे! (हा आमच्या साथीचाच शब्द, आमचा नव्हे.) डोळस दलिताला अपमान येताना दिसतो, तो तयार राहू शकतो. अंध दलिताला तो हाताच्या पकडीतून कळतो. म्हणूनच गाडीने बोललं पाहिजे. प्रवाशाला आपला प्रवास करण्यासाठी कुणाच्या पुण्याईवर आणि स्वतःच्या आडनावावर अवलंबून राहावं लागू नये.

स्त्रियांबद्दल दोन वाक्यांत सांगतो, कारण आमच्या भगिनींनी ते तेवढंच सांगितलं आणि तेवढं पुरेसं आहे. चढवायच्या निमित्ताने हात कुठे-कुठे लागतो, हे त्यांना कळतं आणि कुणाचा हात होता हे सांगता येत नाही. म्हणून त्या मदत नाकारतात, आणि मग त्यांना 'माजोरी' म्हणतात. २०२१ मध्ये पाटण जमाल वली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका जन्मांध दलित स्त्रीवरच्या अत्याचाराच्या निमित्ताने नोंदवलं की जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र येतात तेव्हा शोषणाचं रूपच वेगळं होतं, ते सुटं-सुटं मोजता येत नाही. (हे पाटण आरोपीच्या नावातलं, आपल्या तालुक्याचं नव्हे.) तरीही त्या खटल्यात ॲट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही, जातीच्या कारणावरून गुन्हा झाल्याचा पुरावा पुरेसा मानला गेला नाही. वाचण्यासारखा निकाल आहे, अभ्यासवर्गात घ्या.

ज्यांना वाटतं की हा 'वेगळा' विषय आहे, त्यांच्यासाठी जनगणनेचे आकडे. २०११ ला देशात अपंगांचं प्रमाण २.२१ टक्के होतं. अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के. कुपोषण, धोक्याची कामं, वेळेत न झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, हे गावकुसाच्या कुठल्या बाजूला जास्त असतं ते तुम्हाला सांगायला नको. देशभरात दृष्टीचं अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख लोक त्या वेळी मोजले गेले.

शब्दाचंही बोलून घेऊ. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द पुढे आणला. आता खातं दिव्यांग कल्याणाचं, दाखला दिव्यांगांचा. आपल्याला हा खेळ नवा नाही. हक्क द्यायचा नसला की देवाचं नाव चिकटवायचं. 'हरिजन' शब्द बाबासाहेबांनी का नाकारला, हे ज्याला कळलं त्याला 'दिव्यांग' कळायला वेळ लागत नाही. आणि गाडीत वापरात असतो तो शब्द तर वेगळाच, "ए सूरदास, सरक तिकडं."

इथे कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६, अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. कलम ४१ सांगतं की बसथांबे, स्थानकं, तिकीट खिडक्या आणि वाहनं अपंगांना वापरता येतील अशी करणं ही सरकारची जबाबदारी आहे. जुन्या वाहनांतही, तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे, बदल करायचे आहेत. आणि कलम ९२ (अ)? अपंग व्यक्तीला अपमानित करण्याच्या हेतूने, लोकांच्या देखत, जाणीवपूर्वक अवमान केला किंवा धमकावलं, तर किमान सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. ही भाषा कुठली आहे, ओळखलीत ना? ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ (१) (आर) शी हे शब्द जवळजवळ तंतोतंत जुळतात, शिक्षाही तेवढीच. आपल्या चळवळीने रक्त आटवून जी वाक्यरचना कायद्यात आणली, तीच आज अपंगांच्या हाती आहे. पण किती पोलीस ठाण्यांत हे कलम माहीत आहे? आणि ज्या कार्यकर्त्याला ३ (१) (आर) झोपेत विचारलं तरी सांगता येतं, त्यानेच ठाण्यात अंध साथीसोबत उभं राहून ९२ ची फिर्याद लिहून घ्यायला लावायची. खचाखच भरलेल्या बसपेक्षा अधिक 'लोकांच्या देखत' जागा कुठली असते?

कायदा कागदावर असणं आणि तळं खुलं असणं यातलं अंतर आपल्याला महाडने शिकवलं. १९२३ ला बोले ठराव झाला, महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर मान्य केलं, आणि पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. अंध प्रवाशांच्या बाबतीतही तसंच. राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकाने २००५ साली सर्वोच्च न्यायालयात सार्वजनिक जागा आणि वाहतूक सुगम करण्यासाठी याचिका केली. २०१७ च्या डिसेंबरात निकाल लागला, मुदती ठरल्या, आणि मुदती गेल्या. शेवटी ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने म्हटलं की सुगम्यतेचे मापदंड सांगणारा २०१७ च्या नियमांतला नियम १५ मूळ कायद्याशीच विसंगत आहे, कारण कायदा सक्ती करतो आणि नियम नुसत्या शिफारशी करतो. तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असा आदेश झाला. म्हणजे सात-साडेसात वर्षं या देशात सुगम्यता ही 'जमल्यास करा' अशी गोष्ट होती, आणि ते उघड व्हायलाही एका अंध माणसाला एकोणीस वर्षं कोर्टात घालवावी लागली.

जगात हे कुठे जमत नाही असं नाही. मुंबईच्या लोकलमध्ये पुढचं स्टेशन मराठीत सांगितलं जातं, फलाटावर अपंगांचा डबा कुठे येणार हे कळावं म्हणून बीपचा आवाज करणारी यंत्रं बसवली आहेत. अमेरिकेत १९९० च्या कायद्याखालच्या नियमांनुसार बसमध्ये मुख्य थांबे पुकारावेच लागतात, यंत्राने नाहीतर चालकाच्या तोंडाने. पण ते आपोआप आलं नाही. ५ आणि ६ जुलै १९७८ ला डेन्व्हर शहरात एकोणीस अपंग कार्यकर्ते चाकाच्या खुर्च्यांसह बसपुढे आडवे झाले आणि रात्रभर हलले नाहीत.

काही जण म्हणतील, वाहकावर आधीच कामाचा डोंगर आहे, त्यात हे कशाला? बरोबर आहे. वाहक-चालक बहुसंख्य आपलेच भाऊबंद आहेत, २०२१-२२ च्या संपात त्यांनी काय सोसलं ते आपण पाहिलं. म्हणून आमचा रोख त्यांच्यावर नाही. कितीतरी वाहक स्वतःहून अंध प्रवाशाला हाक मारून उतरवतात, रस्ता ओलांडून देतात. पण तो त्यांचा चांगुलपणा असतो, आणि चांगुलपणा बदलीवर जातो. आम्हाला लेखी परिपत्रक हवं आहे. गाडी फलाटाला लागली की दारात उभं राहून तीनदा मार्ग पुकारायचा. प्रत्येक मोठ्या थांब्याआधी थांब्याचं नाव. गाड्यांत जीपीएस आहे, गाडी कुठे आहे हे यंत्राला कळतं, मग ते पडद्यावर दाखवायचं तसं भोंग्यातून बोलायचं, एवढाच फरक.

"सोबत माणूस आणायचा ना, त्यालाही सवलत आहे" हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. मदतनीसाचं अर्धं तिकीट मिळतं, पण त्याची दिवसाची मजुरी कोण देतं? शेतात खुरपायला जाणाऱ्या आईने पोराच्या कॉलेजसाठी रोज रोजगार बुडवायचा? ज्याच्या घरी रिकामा माणूस आहे त्यानेच प्रवास करावा, असं हे धोरण आहे.

काम आजपासून सुरू करता येईल. १ जानेवारीला भीमा कोरेगावला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आपल्या गाड्या निघतात. संयोजकांनी गाडी सुटण्याची जागा फ्लेक्सवर टाकली की काम संपलं असं समजू नये. फ्लेक्सचा फोटो अंध साथीचा फोन नीट वाचेलच असं नाही, मजकूर टाइप करून पाठवा. सोबत चालताना त्याला ढकलू नका, ओढू नका, आपला कोपर पुढे करा, तो धरेल. आणि १५ ऑक्टोबरला पांढऱ्या काठीचा दिवस असतो. नागपूरला धम्मदीक्षेनंतर दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी धर्मांतरामागची भूमिका मांडली तीही हीच तारीख. त्या दिवशी सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या स्थानकांवर अंध साथी पुढे आणि आपण मागे, असं निवेदन द्यायचं ठरलं आहे.

त्याआधी माहिती अधिकाराचे अर्ज टाकायचे आहेत, सातारा आणि सांगली या दोन्ही एसटी विभागांच्या कार्यालयांत. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून प्रश्न वेगळे करा. कलम ४१ ची अंमलबजावणी करण्यासाठी विभागाने काय केलं. थांबे पुकारण्याबाबत कुठलं परिपत्रक आहे, असल्यास प्रत. किती स्थानकांवर ध्वनिक्षेपक चालू आहेत. अंध प्रवाशांच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांचं पुढे काय झालं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही. अर्ज शक्यतो अंध साथीच्या नावानेच करा, आणि शेवटी एक ओळ न विसरता लिहा: अर्जदार दृष्टिहीन असल्याने कलम ७ (४) प्रमाणे माहिती समजून घेण्यास साहाय्य करावं, आणि उत्तर ईमेलने, युनिकोड मजकुरात द्यावं. स्कॅन केलेला कागद पाठवला तर लगेच पहिलं अपील करा. उत्तर आलं की आमच्याकडे पाठवा, दोन्ही जिल्ह्यांची उत्तरं एकत्र लावून पुण्याच्या अपंग आयुक्तांकडे जायचं आहे.

जयभीम.